डावा दंड

"कुठल्या दंडात?" नर्स विचारते.
डाव्या, म्हणतो मी. तिथे आधीचा शेजार आहे.
ती चष्मा सरकवून बघते:
रुपयाएवढी चकती, कडेने चुण्या,
जुन्या जायफळासारखी.
"हे काय?"
देवी, म्हणतो मी,
आणि पुढचं इंग्रजी जमत नाही.

कसं सांगू, की आमच्याकडे आजाराला देवी म्हणत,
अंगावर आली तरी वेडंवाकडं बोलत नसत.
कडुलिंबाचा डहाळा, थंड दहीभात,
आणि उंबऱ्याशी हळूच, "आई, आलीस तशी जा."
मी पाच वर्षांचा. सायकलवरून टोचणारा आला
तेव्हा शेणींच्या उडव्यामागे लपलो होतो.
मावशीनं कान धरून बाहेर काढलं,
तिच्या दोन्ही गालांवर देवीची पावलं.
"माझ्याकडे बघ," एवढंच म्हणाली.

या नव्याला देवी नाही.
सर्जरीच्या पत्रात तीन इंग्रजी अक्षरं.
याला कुणी नैवेद्य दाखवत नाही.
हा पाळणाघरातून येतो,
नातीच्या नाकातून, तिच्या गोड चिकट बोटांवरून.
तिला दोन दिवस शेंबूड.
आणि आपल्याला?
विल्फला विचारायला हवं होतं.

विल्फ शेजारचा. हलच्या गोदीत चाळीस वर्षं.
हंबरवरून वारा आला की नुसत्या वासावर सांगायचा
उद्या काय.
जानेवारीत म्हणाला, "साधी सर्दी रे."
चौथ्या रात्री भिंतीपलीकडून त्याचा श्वास ऐकू येऊ लागला,
रिकाम्या पिंपातून कुणी वाळू ओढावी तसा.
परत आली ती त्याची टोपी,
प्लास्टिकच्या पिशवीत, नाव लिहून.

"झालं," नर्स म्हणते.
मी अजून तयारीच करत होतो.

संध्याकाळी दंड ठणकतो.
वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा निघत नाही.
नात येते. सून तिला आधी बेसिनशी नेते.
ती मोठ्यानं मोजत हात धुते,
अकरानंतर चौदा.
नाक वाहतंय, म्हणून आज मांडी नाही.
खिडकी चार बोटं उघडी,
थंडी आत येऊन आमच्यामध्ये बसते.
खोलीच्या त्या टोकावरून ती ससा फेकते,
मी उजव्या हातानं झेलतो.
पुन्हा फेकते.
पुन्हा.

रात्री मॉरीनचं दार वाजवलं.
विल्फची बायको, माझ्याहून वर्षानं लहान.
तिचं पत्र फ्रिजवर, चुंबकाखाली, न फोडलेलं.
"मला आता राखायला काय उरलंय," म्हणाली.
मला इंग्रजीत समजूत घालता येत नाही.
मराठीतही कधी आली नाही, खरं तर.
मी बाही वर केली.
जुनी खूण, खाली नवी गोल पट्टी.
"लुक ॲट मी," म्हणालो.
मावशीचंच वाक्य, पण इंग्रजीत ते
पोलिसासारखं ऐकू आलं.
मॉरीन हसली. जानेवारीनंतर पहिल्यांदा, बहुतेक.
चहा केला. पत्राबद्दल चकार शब्द नाही.

गुरुवार, साडेनऊ.
आमच्या गावचं टेलिफोनचं खोकं लाल नसतं,
दुधावरच्या सायीच्या रंगाचं असतं.
त्याच्या आडोशाला मी उभा,
मला कुठेही जायचं नव्हतं.
मागच्या बोळातून, ज्याला इथे टेनफूट म्हणतात,
मॉरीन आली.
लिपस्टिक. कोटाखाली सैल बाह्यांचा ब्लाऊज.
डोक्यावर विल्फची टोपी.
"कुठल्या दंडात सांगू?" तिनं विचारलं.
ज्या कुशीवर झोपत नाहीस, त्या.
ती आठवत राहिली,
कुठली कूस तिची
आणि कुठली विल्फकडे वळायची.
बस आली.
दार उघडून थांबली.