पापण्या

सकाळी डोळे सुजलेले,
दुपारपर्यंत उतरलेले.
वहीत आहे हे, माझ्याच अक्षरात.
लिहिलं, आणि वाचलं नाही.

मे महिना. आत-बाशीच्या वरच्या अंगाला
गवत नुकतं टोचायला लागलेलं,
तुरातची घोडी व्यायलेली,
हवेत केस, धूळ, पराग.
बेगायिम, वय साडेपाच.
'अ‍ॅलर्जी,' मी म्हटलं.
तेवीस वर्षं या दवाखान्यात एकटी मी.
शब्द हाताशी होता, गोळ्याही होत्या.

घोडीजवळ जाते का?
जाते, तुरात म्हणाला,
झोपतेसुद्धा तिच्या पायांशी.
मग झालंच.

पुढच्या आठवड्यात बूट चढेनात.
'वाढतेय पोर,' आई हसली.
मोज्याची नक्षी पोटरीवर तासन् तास तशीच.
मी दाबून पाहिलं नाही.
गोळी बदलली.

तुरातने घोडी विकली, शिंगरासकट,
रविवारच्या बाजारात.
पोर गाडीमागे पळाली नाही.
आम्हाला वाटलं, समजूतदार आहे.
तिला पळवत नव्हतं.

लघवीला फेस येतो, हे आईने सांगितलं
निघता निघता, दारात, खाली बघत,
भांडं नीट विसळलं नाही
असं कबूल करावं तसं.

तालुक्याच्या प्रयोगशाळेत यंत्र बंद.
सायराला जुनी रीत येत होती.
काचेची नळी तिने स्पिरिटच्या ज्योतीवर धरली.
पिवळं पाणी ढगाळलं, दाटलं,
वर उकडलेल्या अंड्याचा पांढरा.
सायरा काही बोलली नाही.
नळी माझ्या हातात दिली.
गरम होती.

मूत्रपिंडं.
तीन आठवडे अंगातलं सत्त्व गळत होतं
आणि मी घोडीचे केस मोजत होते.

बिश्केकहून आली तेव्हा चेहरा पुन्हा गोल.
'ही औषधाची सूज,' मी म्हटलं, 'उतरेल.'
आईने माझ्याकडे पाहिलं.
'उतरेल' हा शब्द
तिने माझ्याच तोंडून आधीही ऐकला होता.

तुरात घोडी शोधून आला.
सीमेपार गेली, एवढंच कळलं.
शिंगराचं त्याने विचारलं नाही.

आता कुणीही सुजल्या डोळ्यांनी आलं
की मी आधी बाटली देते.
लोक कुरकुरतात, डोळे दाखवायला आलो होतो.

बेगायिम दर सोमवारी येते.
पातळ झालेली, दोन दात पडलेली.
काडी तिलाच ओढायची असते.
नळी उजेडाकडे धरून म्हणते,
'आज नुसतं पाणी.'
मग काडी विझवत विचारते,
घोडीला कुणी सांगितलं का?