पिशवीच्या तळाशी

आमच्या घरात एकच कायदा होता,
कुणी लिहून ठेवलेला नव्हता, पण मोडायची टाप नव्हती:
पिशवी ज्याच्या मांडीवर,
तळाशी सांडलेल्या फ्राईज त्याच्या.

त्या रात्री पिशवी माझ्याकडे यायची होती.
मी नऊ वर्षांचा, ट्रकच्या मागच्या अरुंद सीटवर गुडघे पोटाशी घेऊन,
खिडकीबाहेर आयोवा, म्हणजे काहीच नाही:
कापलेल्या मक्याचे बुडखे, त्यांवर बर्फ,
आणि दूर धान्याच्या कोठीवरचा एक दिवा,
कितीही पुढे गेलो तरी तिथल्या तिथेच.

पुढे मार्लिस. माझी बहीण.
एकशेवीस पौंडांच्या गटात बसायचं म्हणून
एकशेसत्तावीस पौंडांची ही मुलगी
तीन आठवडे अंड्याच्या पांढऱ्यावर जगली.
शेवटच्या रात्री तीन स्वेटर चढवून
जिन्यावर वर-खाली, वर-खाली,
आणि मग पेल्यात थुंकत बसली,
थुंकीचंही वजन भरतं म्हणून.

सकाळी काट्याने तिची बाजू घेतली.
दुपारी चटईने घेतली नाही.
एक मिनिट चाळीस सेकंद,
आणि दोन्ही खांदे जमिनीला.

परतताना ऐंशी मैल कुणी अवाक्षर काढलं नाही.
वायपर तेवढे
नाही, नाही, नाही म्हणत होते.

डॅडने विचारलं नाही. नुसता उजवा दिवा लावला.
काच खाली गेली, थंडी आत आली,
आणि थंडीच्या पाठोपाठ तो वास:
कढत तेल, तव्यावर चिकटून खरपूस झालेला कांदा.
मार्लिसने एवढंच केलं, मान वळवली.

खांबावरचा डबा खरखरला. डॅड त्याला म्हणाला,
तीन डबल, चीज घालून, कांदा परतलेला,
लोणच्याच्या चकत्यांना हात आखडू नका.
मोठ्या फ्राईज.
मग जरा थांबून, घसा साफ करून,
अजून एक मोठ्या.

खिडकीत ओपल नावाची बाई, छातीवर बिल्ला, केसांत पेन्सिल.
पिशवी माझ्या मांडीवर आली
मांजर येऊन बसावं तशी, गरम आणि आपल्याच मर्जीची.
कागद तेलाने जागोजागी काचेसारखा झालेला,
आतलं सगळं जवळजवळ दिसत होतं.

आम्ही तिथेच, कचराकुंडीशेजारी गाडी लावून खाल्लं.
घरापर्यंत फ्राईज मरतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं.
मार्लिसने कागद सोडला.
बनवर तिच्या अंगठ्याचा खड्डा पडला, तसाच राहिला.
कागदाला चिकटलेलं चीज तिने आधी नखाने खरवडून खाल्लं,
मग पहिला घास,
आणि डोळे मिटून इतका वेळ चावत राहिली
की मला वाटलं, झोपली.
रस मनगटावरून कोपराकडे निघाला. तिने जाऊ दिला.

डॅडनेही डोळे मिटले होते.
तेव्हा माझी नजर त्याच्या पट्ट्याकडे गेली:
खिळ्याने पाडलेलं एक नवं भोक, कडा अजून कच्च्या.
म्हणजे तोही. तीन आठवडे. चकार शब्द न काढता.
(मी मात्र रोज ट्रॅक्टरच्या शेडमध्ये लपून चिप्स खात होतो.
हे आज पहिल्यांदाच सांगतोय.)

मग पुढून एक हात मागे आला,
मागे न बघता, तळवा उघडा,
बोटांच्या पेरांवर पांढरी चिकटपट्टी तशीच.

कायदा म्हणजे कायदा. मी पिशवीत हात घातला.
तळाशी अकरा होत्या,
आखूड, करपट, कडक, टोकं काळपट,
खरी चव ज्यांत उतरते त्या.
मी सात दिल्या.
चार मी खाल्ल्या. मी काही संत नव्हतो.

तिने सातही एकदम तोंडात टाकल्या,
आणि ऐंशी मैलांनंतरचं पहिलं वाक्य बोलली:
"मीठ कमी आहे."

डॅड भरल्या तोंडाने असा हसला
की त्याचं कोपर हॉर्नवर पडलं.
ओपलने खिडकी उघडून डोकं बाहेर काढलं, ओरडली,
काय राहिलं रे?

केचप, मी ओरडलो,
काहीतरी सांगायला हवं म्हणून.