पिवळा मडगार्ड

पहिल्याच दिवशी, म्हापशाच्या स्टँडवर,
भाडं ठरवायच्या आधी तिनं विचारलं,
आज घेतली आहेस का?

सकाळचे साडेनऊ. माझ्या तोंडाला
पातळभाजीचा वास. बाकीचे पायलट खिंकाळले.
मला वाटलं, चारचौघांत
कुणी माझे खिसे तपासतंय.

नाव पिर्को. देश फिनलंड.
फेणीलँड काय, मी म्हटलं.
विनोद समजावून सांगेपर्यंत शिवोली आली.

हेल्मेट तिचं स्वतःचं, हनुवटीखाली पट्टा आवळलेला.
माझं आरशाला लटकलेलं, त्यात सहा पाव, कोथिंबीर.
पोलीस पुलापाशीच असतात, मी सांगितलं,
तिथं आलं की घालायचं.
आणि डोकं कुठं असतं, तिनं विचारलं.

नव्या देशात माणसाला शिकावं लागतं.
मी शिकवलं:
की हुराक ही दारू नव्हे, एप्रिल महिना आहे.
की एक घेतली तर हँडल सरळ राहतं.
की रस्ता ज्याला पाठ, त्याला चढत नाही.
की लग्नात न पिणारा
एक तर आजारी असतो नाहीतर घर बांधत असतो.

तिनं तिच्या बापाचं सांगितलं.
आदल्या रात्रीची उतरली नव्हती, सकाळी पकडला.
दोन हिवाळे बर्फातून सायकलनं कामावर गेला,
कुणी विचारलं तर खरं कारण सांगायचा.
मी म्हटलं, अरेरे.
ती म्हणाली, अरेरे कशाला?

वडाच्या वळणावर मी दोनदा हॉर्न दिला.
इथं देवचार असतो, राखणदार.
खांद्यावर कांबळं, हातात दांडा,
रात्रभर वेस फिरतो.
त्याला आम्ही विडी देतो, पाव देतो, सोरो देतो.
ती बुंध्याशी पडलेल्या
रिकाम्या क्वार्टरकडे बघत राहिली.
म्हणजे रस्ता राखायचा,
आणि तोही पिऊनच?

मी हसलो. बाजारापर्यंत हसू टिकलं.

रोहिदास, माझा मेहुणा,
याच वळणावर गेला. भाचीच्या बारशाहून निघाला होता.
घरात सगळे म्हणाले, ओढला त्याला.
राखणदाराचा मान चुकला होता त्या साली.
मीही म्हटलं. नारळ घेऊन आधी मीच धावलो.
तिसरा ग्लास मी भरला होता.
हे मी पिर्कोला सांगितलं नाही.
बायकोलाही नाही.

मग मे महिन्यात, शाणूच्या अंगणात,
हुराक, लिमका, चिरलेली मिरची, कडेला मीठ.
दोन झाले. फोन वाजला.
पिर्को. विमान पहाटे, येशील का?
मी अंगणाबाहेर आलो, आवाज खाली केला,
आणि म्हणालो, घेतलीय.
बरं, ती म्हणाली, टॅक्सी बघते.
एवढंच. रागावली नाही, कौतुकही नाही.

गाडी ढकलत निघालो.
तीन किलोमीटर, पिवळा मडगार्ड
माझ्यापुढं गुरासारखा चालत.
पायी गेलं की कळतं
वळणाला केवढं पोट आहे.
मागून मोटरसायकल थांबली. मिनगेल.
पेट्रोल संपलं रे?
हो, म्हणालो. खरं सांगायला
आणखी एक हिवाळा लागला असता, आणि इथं तो नसतो.
बस मागं, सोडतो.
शब्दांच्या आधी त्याचा वास पोचला.
चावी हातभर अंतरावर होती,
तिला लटकलेला छोटा प्लास्टिकचा मासा.
हात हँडलवरच राहिला माझा.
जप, एवढं म्हणालो.

लाल दिवा वडाआड गेला.
मी उभा राहिलो, इंजिन ऐकत
वळणावर,
वळणापलीकडे,
आणि ऐकू येईनासं झाल्यावरही.