पाचवा भाग आधी

कॅम्पातल्या रद्दीवाल्याकडं
डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली होतं ते पुस्तक.
"हे द्या" म्हटलं, तर हुसेनसाबनं
दहा रुपये जास्त लावले,
टेबल डुगडुगल्याचे.

पाठीमागं बाईंचा फोटो. कुत्रं, चष्मा,
आणि ओठ असे, की आत्ताच कुणाचं तरी काहीतरी
ऐकून आल्यात आणि सांगणार नाहीत.
नाव आमच्या तोंडात नीट बसत नाही.
मी नुसतं बाई म्हणतो.

माझं इंग्रजी दूध सोसायटीच्या ऑडिटपुरतं.
पहिल्या पानाला डिक्शनरी चारदा काढली.
दुसऱ्या पानाला जे हसू आलं
ते डिक्शनरीत नव्हतं.
"एकटाच काय हसायलास?" आतनं सुमित्रा.

बाईंचं गाव एवढंसं. एक चर्च, एक पोस्ट,
वर्षातनं एकदा भोपळ्यांचं प्रदर्शन,
आणि भोपळ्याला रात्री साखरपाणी कोण पाजतं
यावरून दोन घरांत अकरा वर्षं अबोला.
मी उठून खिडकी लावून घेतली.
भरमाण्णाच्या रताळ्यांचं बाईंना
कुणी सांगितलं?

चर्चचं छप्पर गळतं. निधी गोळा होतो,
निधीसाठी बैठक होते, बैठकीला चहा होतो,
निधी चहात जातो.
आमच्या तालमीचं छप्पर असंच.
पावतीपुस्तकं तीन: एक मराठी, एक कानडी,
आणि एक कोरं,
उद्या काय होईल सांगता येत नाही म्हणून.

गावाच्या पाटीवर रात्री कोणीतरी काळं फासतं,
सकाळी पुन्हा अक्षरं उभी राहतात.
रंगारी मात्र पंचक्रोशीत एकच, गुरुसिद्ध,
दोन्ही बाजूंची मजुरी रोख घेतो
आणि ब्रश एकाच रॉकेलात धुतो.
बाई इथं असत्या
तर आख्खा एक भाग गुरुसिद्धाचा.

भाग एकूण तेवीस, आतल्या पानावर यादी आहे.
मला मिळतील तसे मिळाले.
पाचवा. मग सतरावा, खानापुरात,
एका बंद पडलेल्या शाळेच्या कपाटातनं.
सतराव्यात पोस्टातल्या मिस ओडली वारल्या.
अर्ध्या वाक्यात. लोण्याचा भाव आणि
वाऱ्याची दिशा यांच्या मधे.
मी जेवलो नाही त्या रात्री. सुमित्राला
पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

मग पुण्याहून भाच्यानं तिसरा पाठवला.
उघडतो तर मिस ओडली सायकलवर!
घंटी वाजवत, चढ चढत,
दुसऱ्यांची कार्डं वाचून तयार.

आमचे तवनाप्पा पोस्टमन असेच वाचायचे.
कचेरीची कानडी नोटीस दारात उभं राहून
मराठीत सांगायचे, आणि सांगताना
थोडी मऊ करायचे.
"पंधरा दिवसांत भरा" चं
"सवडीनं बघा म्हणालेत".
त्यांचा दुखवट्याचा ठराव मीच लिहिला होता,
विषय क्रमांक सात,
पशुखाद्याच्या दरानंतर.

काल सोसायटीचं कपाट उघडलं.
जुनी इतिवृत्तं, वाळवीनं कडा खाल्लेली,
अक्षर माझंच, तरुण आणि तिरकं.
चौऱ्याण्णव सालची सभा:
सभासद तवनाप्पा उपाध्ये यांनी
लॅक्टोमीटर खोटं बोलते अशी हरकत घेतली,
चेअरमननी ते सिद्ध करा म्हटल्यावर
त्यांनी लॅक्टोमीटर चहात बुडवून दाखवले.
सभा पुढे चालू.

पहिला भाग अजून मिळालेला नाही.
हुसेनसाब म्हणतो, बघतो.
सीमेच्या खटल्याला पुढची तारीख पडली,
तालमीसाठी बैठक सोमवारी आहे.

आज इतिवृत्त वाचून दाखवताना
चेअरमननी चष्मा वर केला.
"सेक्रेटरी, ह्यात हसण्यासारखं काय आहे?"
काही नाही, म्हटलं.
पुढचा विषय.