लागून राहिलेला सूर

ऐरोलीच्या ऑफिसात, डबे उघडे असताना
मिथिलेशनं खेळ काढला:
पहिला, सर्वांत वाईट, सर्वांत भारी. लाइव्ह. पटकन सांगा.
कुणी गोव्याचा सांगितला, कुणी कॉलेजच्या फेस्टचा.
माझी पाळी आली तेव्हा तोंडात पोळी होती,
म्हणून थोडा वेळ मिळाला.

पहिला मी पाहिला तो पाठीमागून.
नौपाड्यातला हॉल, मी सात वर्षांची.
चरईतल्या दुकानातून भाड्याची पेटी
बाबा खांद्यावरून घेऊन आलेले, चालत.
विंगेत पेटीच्या रिकाम्या खोक्यावर मला बसवलं.
गायकाचं तोंड कसं होतं ठाऊक नाही.
मानेवर चामखीळ होती एक,
तान वर गेली की कॉलरबाहेर यायची,
खाली आली की आत.
मी तिचीच वाट बघत बघत झोपले.
परतताना बाबांच्या एका खांद्यावर पेटी, एका खांद्यावर मी.
जड कोण, विचारलं, तर म्हणाले,
पेटी निदान घोरत नाही.

वाईट म्हणावा असा तो नव्हताच.
नेरूळचं स्टेडियम, साडेतीन हजारांचं तिकीट
संज्योतनं आणि मी हप्त्यांवर घेतलेलं.
मनगटाला कागदी पट्टी,
ढोल थेट बरगड्यांत वाजत होते
आणि मला आवडत होतं, खोटं कशाला बोलू.
मागच्या खिशातही काहीतरी थरथरत होतं,
ते मी गाण्याचंच समजले.
साडेबाराला रिक्षाच्या रांगेत बघितलं:
बाबा. अकरा मिस्ड कॉल.

दुकान रिकामं करत होते त्या संध्याकाळी.
भंगारवाला दारात, तराजू घेऊन,
पितळी सूर किलोवर मागत होता.
त्यांना एवढंच विचारायचं होतं,
तुला ठेवू का थोडे?
एक सप्तक तरी ठेवायचं, मी म्हटलं दुसऱ्या दिवशी.
हो ना, म्हणाले,
सुचलंच नाही बघ.

भारी तो त्याच्या आधीचा. मी एकोणीस.
तलावपाळीजवळच्या शाळेचं सभागृह,
साठेक माणसं, निम्मे बाईंच्या शिष्यांचे पालक.
विलंबित नुकतं बसलं होतं
आणि पेटीतला एक सूर लागून राहिला.
बोट उचललं तरी वाजतोय.
भाता थांबला की गप्प,
भाता हलला की पुन्हा तोच.
वादक घामाघूम.
बाईंनी हात वर केला. म्हणाल्या,
वायंगणकर आलेत का?

चौथ्या रांगेतून बाबा उठले.
चपला पायरीशी काढल्या, झाकण उघडलं, मान आत घातली,
मग मान काढून सभागृहाला विचारलं,
केसांची पिन आहे का कुणाकडे?
पुढच्या रांगेतल्या एका काकूंनी
अंबाड्यातली काढून दिली.
सात मिनिटं.
तबला थांबलेला. तानपुरे मात्र चालूच,
त्यांना थांबा असं कुणी म्हटलंच नव्हतं.
साठ माणसं एका माणसाच्या पाठीकडे बघत
बसून राहिली, खोकलंही नाही कुणी.
त्यांनी फुंकर घातली. काहीतरी चिमटीत धरून
पटकन खिशात टाकलं.
पट्टी दाबली. सोडली.
शांत.

टाळ्या पडल्या तेव्हा ते उतरलेही होते,
घाईत डावी चप्पल उजव्या पायात.
पुढे बाई काय गायल्या मला आठवत नाही.
काकूंचा अंबाडा
द्रुतपर्यंत हळूहळू सुटत गेला, ते आठवतं.

घरी जाताना, राममारुती रोडवर, म्हणाले,
पेटी माझ्याच हातची. गेल्या महिन्यात चामडं मीच लावलं,
सरस जास्त झाला होता.
कुणाला सांगू नकोस.

नाही सांगितलं. मिथिलेशलाही नाही.
पोळी गिळली, म्हटलं, पहिला आठवत नाही,
बाकीचे दोन्ही नेरूळला.
दोन्ही कसे नेरूळला, तो विचारत होता,
तेवढ्यात कुणीतरी लोणचं पुढं केलं.

पिन परत द्यायची राहूनच गेली.
बाबांच्या चष्म्याच्या डबीत आहे,
टोकाशी वाकलेली,
सरसाचा पिवळा ठिपका अजून तिच्यावर.