खुली जागा

वही माझ्याकडे सरकवून प्रेमावती म्हणाली, लिही.
मी लिहिलं:
महिला मंडळ, सहकारी वसाहत, कुर्टी-फोंडा.
हजर अकरा. इनासिन उशिरा,
पदेर पाव घेऊन आला म्हणून.

आमच्या वसाहतीचा नकाशा आधी, माणसं मागून.
मोजणीदाराने चुन्याच्या रेघा मारून दिल्या:
ए ओळ, बी ओळ, गटार, दवाखाना, पाण्याची टाकी.
देवळाला जागा होती, खुरसालाही,
आणि कोपऱ्यात, नुसत्या ठिपक्यांनी, ‘खुली जागा’.
मांड कुठे, हे विचारायचं सुचलं नाही कुणाला.
सभासद सगळे पुरुष.

पाच वर्षं आम्ही मंडळं करतात तेच केलं:
वाण, भरतकाम,
पणजीहून आलेल्या बाईंचं कुकरवर व्याख्यान.
भिशीचे पैसे सोलांच्या बरणीत,
नोटांना आंबट वास.

मग एका पौषात शेवंती गावडे, बी-सतरा,
दुधाचा हिशेब सांगावा तसं म्हणाली,
आज गावात धालो सुरू झाले.
मांड तिकडे, मी इकडे.

सत्यवतीने सुई कापडात खोचून ठेवली.

ठराव नऊ, अक्षर माझंच:
खुली जागा सारवू द्यावी.
कार्यकारिणीचं उत्तर: तिथे स्कूटर लागतात.
प्रेमावतीने ते वाचलं, चार घड्या घातल्या,
टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं.

रात्री जेवणं उरकून
एकेक स्कूटर ढकलत नेली ज्याच्या त्याच्या दारात.
तारकरांची लॉक होती, ती उचलून.
शेणाचा सडा पडला, दोन ओळी समोरासमोर झाल्या,
कुणी पदर खोचून, कुणी मॅक्सीवर टॉवेल घेऊन,

आणि गाणं सुरू होईना.
पेडण्याची चाल वेगळी, सांग्याची वेगळी,
काणकोणचे तर शब्दच दुसरे.
तिघी तीन दिशांना वाकल्या, हसू फुटलं,
सत्यवती रागाने चपला शोधू लागली.

इनासिन कडेला उभी होती, शाल लपेटून.
म्हणाली, शब्द मला येत नाहीत.
पाय येतात, बहुतेक.
तिने शेवंतीच्या कमरेत हात घातला.
ओळ पुढे गेली, वाकली, मागे आली.
सत्यवतीच्या एका पायात चप्पल होती, ती तिने काढली.

सकाळी त्या सारवणावर एकही चाक गेलं नाही.
भीती असेल, भक्ती असेल,
शेणाचा वासही असेल.

नकाशात तिथे अजून ठिपकेच आहेत.
वहीत त्या रात्रीचं पान कोरं.
हजर किती, मोजायचं राहिलं;
माझे हात दोन्हीकडून धरलेले होते.