लिकोंग्वे काय म्हणाला

मलावीच्या सरोवराकाठी
जाळ्यांवर बोटभर उसिपा वाळत घालताना
आजोबा युद्ध सांगायचे.
बर्मातलं. चिखलाचं.
खेचरं पोटापर्यंत रुतायची म्हणे,
आणि भर पावसात विडी पेटवावी
तर ती लिकोंग्वेनेच.

लिकोंग्वे तिथेच राहिला, नदीच्या वळणावर.
मरताना तो काय म्हणाला
ते मात्र दर खेपेला बदलायचं.
कधी पाणी मागितलं.
कधी मीठ.
एकदा तर म्हणे, होडीची भेग बुजव,
विसरशील.

मी लगेच पकडायची,
"आजोबा, परवा तर मीठ होतं!"
ते माश्या हाकलत म्हणायचे,
"अगं, एवढी वर्षं झाली.
एकच वाक्य
किती दिवस पुरेल माणसाला?"

लिकोंग्वेच्या घरचं कुणी उरलं नव्हतं.
कुठल्या दगडावर त्याचं नाव आहे का, कोण जाणे.
आजोबांना वाचता येत नव्हतं.

त्यांचं पदक अजून माझ्या तराजूत आहे.
पाव किलोचं माप झिजलंय,
जेवढं कमी पडतं
बरोबर तेवढंच भरतं ते.

काल नातू, ब्वानाली, जाळ्याखाली येऊन बसला.
मी सांगत गेले. खेचरं, चिखल, विडी.
वळणापाशी आले.
"मग? काय म्हणाला तो?"

उसिपा पालटायची वेळ झाली होती.
हात चालूच ठेवून मी म्हटलं,
थांब जरा,
आज काय म्हणतोय
ऐकू तर दे.